भूकंपाची खबर देणारी संस्था इंटरनेटवरून कशी तुटली? यूएसजीएस आणि २००१ चा न्यायालयीन आदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात कुठेही धरणी हलली की मराठी बातम्यांतही ‘यूएसजीएसच्या माहितीनुसार’ हे शब्द येतात. डिसेंबर २००१ मध्ये ही अमेरिकी सरकारी विज्ञानसंस्था संगणकीय सुरक्षेच्या कारणावरून काही दिवस इंटरनेटवर नव्हती. त्या प्रसंगाचा उल्लेख झाला की वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील तपशील दुसरीकडे लागला तर तो परत न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यूएसजीएस म्हणजे काय आणि ती कोणाच्या अखत्यारीत येते?

ही अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आहे. तिची स्थापना ३ मार्च १८७९ रोजी झाली आणि तिचे मुख्यालय व्हर्जिनिया राज्यातील रेस्टन येथे आहे. भूकंप, ज्वालामुखी, नद्यांचे प्रवाह, भूजल, खनिजे, नकाशे आणि लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे हा तिच्या कामाचा पसारा आहे. ती कोणाला परवाना देत नाही आणि कोणाला दंडही करत नाही. मोजणे आणि मोजलेले जाहीर करणे एवढेच तिचे काम. ती ज्या खात्याखाली येते त्याचे नाव ऐकून आपल्याला पोलिसांचे गृहखाते आठवते, परंतु अमेरिकेचे हे अंतर्गत खाते सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्याने, खनिजे, धरणे आणि मूलनिवासी जमातींशी असलेले व्यवहार पाहते. पुढचा सगळा प्रकार या शेवटच्या जबाबदारीतून उद्भवला.

२. डिसेंबर २००१ मध्ये नेमके काय घडले?

५ डिसेंबर २००१ रोजी वॉशिंग्टन येथील संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश रॉयस लॅम्बर्थ यांनी अंतर्गत खात्याला असा आदेश दिला की, मूलनिवासी खातेदारांच्या विश्वस्त निधीच्या नोंदी ज्या संगणकांवर आहेत, किंवा ज्या संगणकांमधून त्या नोंदींपर्यंत पोहोचता येते, ते सर्व इंटरनेटपासून तोडावेत. खात्याने त्यावर जवळजवळ सगळेच तोडून टाकले. राष्ट्रीय उद्यानांची संकेतस्थळे, सरकारी जमिनींची माहिती, वन्यजीव विभागाची पाने आणि त्यांच्याबरोबर यूएसजीएसही दिसेनाशी झाली. बाहेरच्या जगाशी चालणारा ईमेलचा व्यवहारही थांबला आणि कर्मचारी पुन्हा दूरध्वनी व फॅक्सकडे वळले.

३. यूएसजीएसवर सायबर हल्ला झाला होता का?

नाही. त्या वेळी यूएसजीएसच्या भूकंपविषयक किंवा जलविषयक यंत्रणेत कोणी घुसल्याचा आरोपसुद्धा नव्हता. ज्या त्रुटींवरून आदेश निघाला, त्या मूलनिवासींच्या निधीचे हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेत सापडल्या होत्या (प्रश्न ५ पाहा).

४. मूलनिवासींच्या बँकखात्यांचा आणि भूकंपमापनाचा संबंध तरी काय?

विषयाच्या दृष्टीने काहीही नाही. प्रशासनाच्या दृष्टीने दोन्ही एकाच खात्याच्या छताखाली येतात, एवढाच.

१८८७ च्या डॉज कायद्याने अमेरिकेने जमातींच्या सामाईक जमिनी मोडून त्यांचे वैयक्तिक तुकडे पाडले. या तुकड्यांची मालकी नावापुरती व्यक्तीकडे आली, तरी सरकार त्यांचे विश्वस्त राहिले. जमीन तेल, वायू, लाकूड किंवा चराईसाठी भाड्याने द्यायची, येणारी रक्कम गोळा करायची आणि ती मालकाच्या खात्यात जमा करायची, हे काम सरकारने स्वतःकडे ठेवले. पिढ्या उलटल्या, वारसांची संख्या वाढत गेली, एकेका तुकड्याला शेकडो हिस्सेदार झाले आणि हिशेबाचा पार बोजवारा उडाला. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे चढलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गुंतागुंत वेगळी समजावून सांगायला नको.

मोंटाना राज्यातील ब्लॅकफीट जमातीच्या एलोइझ कोबेल यांनी जून १९९६ मध्ये या गैरकारभाराविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. दाव्याच्या कक्षेत तीन लाखांहून अधिक खातेदार येत होते. त्यांची मूळ मागणी साधी होती: आमच्या नावावर किती पैसे आले आणि ते कोठे गेले, हे सांगा. सरकारला ते सांगता येईना. कागदपत्रे वेळेवर सादर न केल्याबद्दल १९९९ मध्ये न्यायालयाने दोन मंत्र्यांना अवमानाचे दोषीही ठरवले. उरलेल्या नोंदी संगणकावर होत्या, म्हणून त्या संगणकांच्या सुरक्षेचा प्रश्न दाव्यात आला. आणि ते संगणक खात्याच्या बाकीच्या जाळ्याला जोडलेले असल्यामुळे भूकंपवालेही त्यात ओढले गेले.

५. सुरक्षा ढिसाळ आहे हे न्यायालयाला कसे कळले?

न्यायालयाने ॲलन बॅलरन यांना या प्रकरणात विशेष अधिकारी नेमले होते. त्यांनी न्यायालयाच्या परवानगीने संगणक-सुरक्षेच्या तज्ज्ञांकडून यंत्रणेची परीक्षा करवली. हे तज्ज्ञ इंटरनेटवरून आत शिरले आणि त्यांनी निधीच्या यंत्रणेत चक्क बॅलरन यांच्याच नावाचे खाते तयार केले. बॅलरन यांचा नोव्हेंबर २००१ मधील अहवाल खात्याला फार बोचणारा होता. त्यातील मुद्दा केवळ नोंदी वाचता येतात असा नव्हता, तर त्या बदलता येतात आणि बदलल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, असा होता. ज्या खटल्याचा गाभाच हिशेबाच्या नोंदी हा आहे, त्यात याहून गंभीर गोष्ट शोधून सापडली नसती. आदेश तीन आठवड्यांच्या आत निघाला.

६. आदेश फक्त निधीच्या नोंदींपुरता होता. मग खात्याने सगळेच का बंद केले?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि आमच्या मते या प्रकरणाचे मर्मही येथेच आहे.

आदेशात ‘नोंदी असलेले’ आणि ‘नोंदींपर्यंत पोहोचू देणारे’ असे दोन प्रकारचे संगणक होते. पहिला प्रकार दाखवता येतो. दुसरा ठरवायचा तर सगळ्या जाळ्याचा नकाशा हातात असावा लागतो, म्हणजे कोणते कार्यालय कोणत्या वाटेने कोणाशी जोडले आहे आणि कोणाच्या परवलीच्या शब्दाने कोठपर्यंत जाता येते, हे ठाऊक असावे लागते. सुमारे ७० हजार कर्मचाऱ्यांच्या आणि देशभर विखुरलेल्या या खात्याची कार्यालये वर्षानुवर्षे आपापल्या गरजेनुसार एकमेकांना जोडली गेली होती. अमुक यंत्रणेतून निधीच्या नोंदींपर्यंत कोणतीही वाट जात नाही, असे न्यायालयापुढे शपथेवर सांगण्याची तयारी, तीही काही तासांत, कोणाचीच नव्हती. अवमानाची टांगती तलवार डोक्यावर असताना अधिकाऱ्यांनी अर्थातच सगळे बंद करण्याचा मार्ग निवडला.

फिर्यादींच्या बाजूने मात्र वेगळा संशय घेतला गेला: जनतेला सर्वांत जास्त टोचेल तेच बंद करून न्यायालयावर दबाव आणण्याचा हा डाव होता. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही, परंतु अज्ञान हे कारण पुरेसे असताना कपटापर्यंत जाण्याची गरज आम्हाला वाटत नाही. यूएसजीएसला भोवली ती तिची स्वतःची असुरक्षितता नव्हे. आपले जाळे कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे तिच्या वरिष्ठ खात्याला सांगता आले नाही, ते तिला भोवले.

७. इंटरनेट गेले म्हणजे भूकंपमापक आणि नदीवरची उपकरणेही बंद पडली का?

नाही. उपकरण ते कार्यालय आणि कार्यालय ते जनता या दोन वेगळ्या वाटा आहेत. नदीकाठच्या मापन केंद्रांवरील पाणीपातळीचे आकडे प्रामुख्याने गोज या हवामान उपग्रहांमार्फत पाठवले जातात. त्या वाटेचा सार्वजनिक इंटरनेटशी संबंध नाही आणि पुराचे अंदाज देणाऱ्या राष्ट्रीय हवामान सेवेलाही ती खुली असते. कोलोरॅडोतील गोल्डन येथील राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्राकडेही संकेत येण्याचे उपग्रह आणि भाड्याने घेतलेल्या तारा असे मार्ग होते. त्यामुळे मोजमाप चालू राहिले. तरीही अडचण झाली नाही असे समजू नये. विद्यापीठांच्या प्रादेशिक भूकंपजाळ्यांशी होणारी माहितीची देवाणघेवाण त्या काळात इंटरनेटवर येऊ लागली होती, आणि लोकांनी स्वतः नोंदवलेल्या धक्क्यांवरून नकाशा करणारी, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली सेवा तर संकेतस्थळाशिवाय चालूच शकत नव्हती.

८. सर्वसामान्यांना प्रत्यक्षात काय मिळेनासे झाले?

ताज्या भूकंपांची यादी, नद्यांचे तासातासाचे प्रवाह, ज्वालामुखींची स्थितिदर्शक पाने, नकाशे आणि साउथ डकोटातील सू फॉल्सजवळच्या इरॉस केंद्राकडील उपग्रह छायाचित्रांची मागणी नोंदवण्याची सोय. ही छायाचित्रे तेव्हा फुकट नव्हती. लँडसॅट-७ चे एक छायाचित्र सुमारे ६०० डॉलरला पडत असे आणि ती सर्वांना मोफत करण्याचा निर्णय २००८ मध्ये झाला.

नद्यांचे आकडे केवळ अभ्यासकच पाहतात असा एक समज आहे. धरणातून पाणी सोडणारे अभियंते, पाणीपुरवठा कार्यालये, पुलांची देखभाल करणारे आणि होड्या घेऊन नदीत उतरणारे हौशी लोकही ते रोज पाहतात. महिना डिसेंबरचा होता, वणव्यांचा मोसम संपलेला होता. हाच आदेश जुलैत निघाला असता, तर त्याची किंमत वेगळी झाली असती.

९. यूएसजीएस किती दिवस बंद होती आणि तिची सुटका कशी झाली?

काही दिवसच. आग आणि जीवित-मालमत्तेला असणारे अन्य धोके यांपासून संरक्षण देण्यासाठी आवश्यक यंत्रणा जोडता याव्यात, म्हणून न्यायालयाने आपला आदेश लगेचच सैल केला. त्या सवलतीत यूएसजीएस आणि आयडाहो राज्यातील बॉइसी येथील वणवा नियंत्रण केंद्र प्रथम परतले. ‘जीवित आणि मालमत्ता’ ही कसोटी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वापरली गेली (प्रश्न ११ आणि १४ पाहा).

१०. बाकीची कार्यालये केव्हा परतली?

१७ डिसेंबर २००१ रोजी उभय पक्षांच्या संमतीने एक आदेश झाला आणि त्यात परतीची पद्धत ठरली. यंत्रणेत निधीच्या नोंदी नाहीत, किंवा असल्यास त्या सुरक्षित केल्या आहेत, हे खात्याने विशेष अधिकाऱ्यापुढे मांडायचे. त्याचे समाधान झाले की जोडणी करायची. राष्ट्रीय उद्यानांसारखी कार्यालये २००२ मध्ये परतली. मूलनिवासी व्यवहार विभाग आणि निधीशी थेट संबंध असलेली अन्य चार कार्यालये मात्र मे २००८ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, इंटरनेटविना चालली. त्या महिन्यात न्यायाधीश जेम्स रॉबर्टसन यांनी ती बंधने उठवली.

या सगळ्यात पहिला फटका ज्यांच्या रक्षणासाठी आदेश होता त्यांनाच बसला, ही बाब बातम्यांत फारशी आली नाही. हिशेबाची यंत्रणा ठप्प झाल्याने अनेक खातेदारांचे धनादेश ऐन नाताळाच्या तोंडावर अडकले आणि काहींना ते पुढच्या वर्षीच मिळाले. तेल-वायूच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने हा केवळ संगणकांचा प्रश्न नव्हता.

११. असा आदेश पुन्हा निघाला का?

होय. १५ मार्च २००४ रोजी लॅम्बर्थ यांनी खात्याला पुन्हा इंटरनेटवरून उतरण्यास सांगितले, मात्र या वेळी यूएसजीएस, राष्ट्रीय उद्यान सेवा आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणाच्या यंत्रणा आरंभीच वगळल्या. अपील न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली आणि पुराव्याची सुनावणी न घेतल्याच्या मुद्द्यावर डिसेंबर २००४ मध्ये तो आदेश रद्द केला. मग लॅम्बर्थ यांनी तब्बल ५९ दिवस पुरावा ऐकला. खात्याच्याच महानिरीक्षकांनी करवलेल्या चाचण्यांत यंत्रणा पुन्हा भेदल्या गेल्याचे त्यात निष्पन्न झाले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा तसा आदेश आला. तोही आधी स्थगित झाला व जुलै २००६ मध्ये रद्द झाला. परीक्षकांखेरीज अन्य कोणी या त्रुटींचा फायदा घेतल्याचा पुरावा नाही आणि तोडल्याने होणारे नुकसान मात्र उघड आहे, असा अपील न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. त्याच वेळी त्याने हा दावा लॅम्बर्थ यांच्याकडून काढून घेण्याचेही निर्देश दिले.

१२. न्यायालयाचा पहिला आदेश चुकीचा होता, असे म्हणायचे का?

आमचे उत्तर ‘नाही, पण अपुरा होता’ असे आहे. विश्वस्ताने दुसऱ्याच्या पैशाच्या वहीला कुलूप लावू नये आणि वर्षानुवर्षे इशारे मिळूनही ढिम्म राहावे, तेव्हा न्यायालयाने तार तोडायला लावणे समजण्यासारखे आहे. खात्याला त्याखेरीज दुसरी कोणतीही भाषा समजत नव्हती, हे नोंदींवरून दिसते. परंतु पूर आणि भूकंप यांची माहिती देणाऱ्या यंत्रणांसाठीचा अपवाद ५ डिसेंबरलाच लिहिता आला असता. तो तीन-चार ओळींचा मजकूर होता, आणि २००४ मध्ये त्याच न्यायाधीशांनी तो पहिल्याच दिवशी लिहिला.

१३. खातेदारांना शेवटी काय मिळाले?

डिसेंबर २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली आणि ८ डिसेंबर २०१० रोजी तिच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्यांपैकी सुमारे १.५ अब्ज खातेदारांसाठी आणि १.९ अब्ज विखुरलेले जमीनहिस्से विकत घेऊन जमातींकडे एकत्र करण्यासाठी होते. मूळ मागणी असलेला संपूर्ण ऐतिहासिक हिशेब मात्र कधीच पुरा झाला नाही.

१४. २०१३ मध्येही यूएसजीएसची पाने बंद दिसली होती. तो याच प्रकरणाचा भाग होता का?

नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्थसंकल्पीय तरतूद मंजूर न झाल्याने अमेरिकी सरकारचे कामकाज १६ दिवस बंद होते आणि कर्मचारी बिनपगारी घरी बसले होते. सुरक्षेचा त्यात प्रश्न नव्हता. भूकंप, ज्वालामुखी आणि नद्यांची पाने तेव्हाही चालू राहिली, कारण तेथेही जीवित-मालमत्तेचीच कसोटी लागू झाली.

१५. इतर सरकारी विज्ञानसंस्थांवर अशी वेळ आली आहे का? भारतात?

आली आहे, परंतु बहुतेक ठिकाणी आदेश बाहेरून न येता संस्थेने स्वतःच तार तोडली. टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत एप्रिल २०११ मध्ये मनुष्यबळ विभागाच्या नावाने बनावट ईमेल आले. ते सुमारे ५३० जणांना गेले आणि ५७ जणांनी त्यातील दुवा उघडला. माहिती बाहेर जात असल्याचे दिसताच प्रयोगशाळेने इंटरनेट बंद केले. विशेष म्हणजे सायबर-सुरक्षेचे संशोधन हे या प्रयोगशाळेचे एक काम आहे. जुलै २०१४ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे जाळेही घुसखोरीमुळे सरकारच्या इतर जाळ्यापासून अलग करण्यात आले. कॅनडाने चीनकडे बोट दाखवले आणि चीनने आरोप फेटाळला.

भारतातील जवळचे उदाहरण कुडनकुलम अणुवीज केंद्राचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी एका संगणकात घातक प्रणाली आढळल्याचे मान्य केले. तो संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यावर होता आणि संयंत्राचे अंतर्गत जाळे त्यापासून अलग होते, असा महामंडळाचा खुलासा होता. म्हणजे प्रश्न ६ मध्ये अमेरिकी खात्याला जे वाक्य उच्चारता आले नाही, तेच या खुलाशाच्या केंद्रस्थानी होते.

१६. इंटरनेट तोडले की यंत्रणा सुरक्षित होते, असे मानावे का?

बाहेरून येणारी एक वाट बंद होते. आतल्या माणसाचे वर्तन, पेन ड्राइव्ह आणि जुनाट प्रणाली जेथल्या तेथे राहतात. २०१८ मध्ये खुद्द यूएसजीएसच्या इरॉस केंद्रात एका कर्मचाऱ्याने कार्यालयीन संगणकावर अश्लील संकेतस्थळांची ९ हजारांवर पाने उघडल्यामुळे जाळ्यात घातक प्रणाली शिरल्याचे महानिरीक्षकांच्या तपासात उघड झाले. उपाय म्हणून सुचवले गेले ते साधेच होते: नको ती संकेतस्थळे अडवा आणि यूएसबीच्या वापरावर बंधने घाला. त्या वेळी संस्थेला इंटरनेटवरून उतरवण्याचा विचारही झाला नाही.

१७. यूएसजीएस पुन्हा दिसेनाशी झाली, तर महाराष्ट्रातील भूकंपाची माहिती कोठे पाहावी?

यूएसजीएस चालू असतानाही ती दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडेच आधी पाहावी. अमेरिकेबाहेरच्या भूकंपांची यूएसजीएसची यादी साधारणपणे ४.५ तीव्रतेच्या वरच भरवशाची असते. पालघर परिसरात २०१८ च्या अखेरीपासून जाणवलेले बहुतेक धक्के याहून लहान होते. ते त्या यादीत सापडत नाहीत म्हणून घडलेच नाहीत, असा निष्कर्ष काहींनी काढला, तो चुकीचा होता. मोठ्या भूकंपाच्या वेळी युरोप-भूमध्य भूकंप केंद्र आणि जर्मनीतील पॉट्सडॅमचे जिओफॉन जाळेही स्वतंत्रपणे आकडे जाहीर करतात. त्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये: २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपाला भारतीय हवामान विभागाने ६.९ आणि यूएसजीएसने ७.७ तीव्रता दिली होती, कारण दोघांची मोजपट्टी वेगळी होती.